प्रामाणिकपणाचे पाच गुण

धुळे
रविवार, ७ जुलै २०२४

ती. आबांना,
नूतनचा नमस्कार. आईलाही सांगा.

आज फोनची वाट पाहिली असेल ना? पत्र आलं म्हणजे फोन मिळाला नाही असं समजायचं. इथं यंदापासून नवा नियम झाला आहे. दर तीन आठवड्यांनी चाचणी होते आणि नववीतल्या आम्हा बेचाळीस मुलींचे नंबर फळ्यावर लागतात. पहिल्या पाच जणींना हिरवं कार्ड मिळतं. हिरवं कार्ड असलं की रविवारी ऑफिसातून घरी दहा मिनिटं फोन करता येतो, सणाला घरी जाता येतं. शेवटच्या पाच जणींना लाल कार्ड. त्यांना भेटीच्या रविवारी कोणी आलं तरी भेटू देत नाहीत, आणि प्रार्थनेला त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट वाचतात. मधल्या आम्ही बत्तीस जणी, आम्हाला महिन्यात दोन पत्रं. पत्र पेटीत पडण्याआधी रेक्टर दिपमाला मॅडम वाचतात. (मॅडम, अक्षर वाईट आहे, माफ करा.)

माझा नंबर एकोणिसावा. गणितात गुण गेले. बहुपदी अजून डोक्यात शिरत नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर पुनम आहे, साक्री तालुक्यातल्या मालनखेड्याची. तिचे वडील वनाभाऊ दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. ती शिष्यवृत्तीवर आली आहे. गणितात हुशार आहे, मला रोज शिकवते आणि अहिराणीपण शिकवते. काल मी तिला विचारलं, कशी आहेस? तर म्हणाली, "बठ्ठं बरं शे." म्हणजे सगळं बरं आहे. तुम्हाला पण तेच लिहिते. इथं बठ्ठं बरं शे.

आईला म्हणावं, तिचा आवाज ऐकावासा वाटतो. आबा, तुम्ही मुख्याध्यापक योगेंद्र सरांना सांगून एकदाच फोन मिळेल का?

तुमची,
नूतन


निंभोरखेडे, ता. रावेर
१४ जुलै

चि. नूतनला आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग चष्मा शोधून स्वतः वाचलं. तिला वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

जूनमध्ये सोडायला आलो तेव्हा योगेंद्र सरांनी एक छापील कागद पुढे केला होता. शिस्तीच्या सर्व उपायांना पालकाची संमती आहे, असं काहीतरी. मी पुरता वाचलाही नाही, सही केली, आणि वर म्हटलं, सर, हात आखडता घेऊ नका. आता मीच फोनसाठी रदबदली करायची का? तरी तुझ्या आईपुढे इलाज नाही म्हणून ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, कार्ड नसेल तर बोलणं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

तुझ्या काकांचा हितेंद्र जळगावला पिंप्राळ्यात खोली घेऊन राहतो. त्याच्यामागे कोणी लागत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बारावीला बसतोय. तुझं तसं व्हायला नको.

आपली केळीची कापणी सुरू आहे, गाड्या दिवसभर उभ्या असतात, त्यामुळे भेटीच्या रविवारी येणं जमायचं नाही. पण तुला शब्द देतो. हिरवं कार्ड आण, भुसावळहून घड्याळ आणतो आणि गणपतीला मी स्वतः तुले घ्यायला येतो. नाही आणलंस तर गणपती तिकडेच. हे लक्षात ठेव, मी बोललेलं फिरवत नाही.

तुझा,
आबा


धुळे
२८ जुलै

ती. आबांना नमस्कार.

माझा नंबर अकरावा आला. आठने वर गेले. पण पाचात यायला अजून सहा जणी पुढे आहेत, आणि त्या सगळ्या माझ्यासारख्याच अभ्यास करतात.

आज भेटीचा रविवार होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली ज्योत्स्ना आहे ना, तिला यावेळी लाल कार्ड मिळालं. तिचे वडील सकाळच्या गाडीने डबा घेऊन आले होते. वॉचमनने त्यांना फाटकातच थांबवलं. ते दीड तास उभे राहिले. ज्योत्स्ना वरच्या जिन्यात खिडकीपाशी उभी होती, त्यांना दिसू नये म्हणून गजाआड. शेवटी त्यांनी डबा वॉचमनकडे दिला आणि गेले. डबा तिला दिला नाही. नियमात बसत नाही म्हणाले. आता ती सतत पुस्तक घेऊन बसते, पण पान उलटत नाही. मी शेजारी बसून पाहिलं.

सरांनी अजून एक नवीन काढलं आहे. प्रामाणिकपणाचे पाच गुण. कोणी कॉपी करताना दिसलं आणि तुम्ही खरं सांगितलं तर चाचणीच्या बेरजेत पाच गुण वाढतात. आणि जी कॉपीत सापडेल तिला सहामाहीपर्यंत लाल कार्ड, शिष्यवृत्तीवरची असेल तर शाळाच सोडावी लागते.

पुढची चाचणी शनिवारी ३ तारखेला. घड्याळ नको आबा, पण गणपतीला घ्यायला या. मी आणते कार्ड.

मी घाबरलेली नाही.

नूतन


निंभोरखेडे
१३ ऑगस्ट

चि. नूतनला खूप खूप आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तुझी आई चूल सोडून धावत आली. पाचवा नंबर! मी तुला म्हटलं नव्हतं? ओढ लावल्याशिवाय माणूस पळत नाही. गावात मारुतीच्या पारावर सगळ्यांना सांगितलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तुझं नाव लिहिलं आहे. भुसावळला जाऊन घड्याळही आणलं, निळ्या पट्ट्याचं.

तुझं बोलून झाल्यावर योगेंद्र सर फोनवर आले होते. त्यांनी सांगितलं की तू परीक्षेत एका मुलीची चिठ्ठी दाखवून दिलीस, म्हणून पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर तुला प्रमाणपत्र देणार आहेत. हे तू मला का सांगितलं नाहीस? एवढी मोठी गोष्ट! मला तर नंबरापेक्षा त्याचंच जास्त कौतुक वाटलं. ती मुलगी कोण होती? कोणीही असो, अशांपासून लांब राहा.

एक विचारायचं राहिलं. दहा मिनिटं होती, तू सहा मिनिटांत फोन ठेवलास. सर्दी झाली होती का? आणि पुनम कशी आहे ते आईने विचारलं, तर तू म्हणालीस, "आवाज कट होतोय." इकडे तर स्वच्छ येत होता.

आबा


धुळे
२५ ऑगस्ट

ती. आबा आणि आई,
नमस्कार.

प्रमाणपत्र मिळालं. पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. फोटो फाटकावरच्या बॅनरवर लावला आहे.

परवा चाचणी झाली. माझा नंबर तिसावा. हिरवं कार्ड परत दिलं.

चिठ्ठीचं विचारलंत, ती पुनम होती. पाच तारखेला तिच्या वडिलांना बोलावलं होतं. आम्ही समोरच्या वर्गात होतो, ऑफिसचं दार उघडं होतं. वनाभाऊंनी टोपी काढून हातात धरली होती. सर बसलेले आणि ते उभे. सरांनी एका कागदावर त्यांची सही घेतली. मग ते आमच्या खोलीत आले, पुनमची गादी गुंडाळली, सुतळीने बांधली. सुतळी पुरेना तर त्यांनी आपल्या उपरण्याची गाठ मारली.  जाताना पुनमने माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं, हळूच, कोणी झोपलं असलं की ओढतो तसं.

तिचा पलंग रिकामा आहे. त्याच्यावर आता मुली ओले टॉवेल टाकतात.

[एक ओळ दाबून खोडलेली]                                  

घड्याळ हितेंद्रदादाला देऊन टाका.

नूतन


निंभोरखेडे
१ सप्टेंबर

नूतन,

तिसावा? पाचावरून तीस? तीन आठवड्यांत असं काय झालं? फळ्यावर तुझं नाव अजून पुसलेलं नाही, आणि लोक मले विचारतात, यावेळी कितवी? मी काय सांगू?

त्या मुलीची काळजी करायचं तुझं काम नाही. तिने चूक केली, तिने भोगलं. तिच्यापायी तू आपलं वर्ष घालवू नको. मी बोललेलं फिरवत नाही हे तुला माहीत आहे. कार्ड नाही तर गणपतीही नाही. शनिवारी गणपती बसतील, मी येणार नाही. रडू नको, अभ्यास कर.

आबा

नूतन, मी आई. आबा पाकीट चिकटवायच्या आत हे लिहिते आहे. तुझ्या पत्रात एक ओळ तू खोडली आहेस, फार दाबून खोडली आहेस. मी दारात जाऊन उजेडाला धरून पाहिली. दोनच शब्द लागले, "ती" आणि "माझी". बाकीचं वाचता आलं नाही. आबांना दाखवलं नाही. बाई, काय असेल ते लिही. जेवत जा.


धुळे
मंगळवार, १० सप्टेंबर

ती. आई आणि आबा,

हिरव्या कार्डाच्या पाच जणी घरी गेल्या, नववीतल्या आम्ही छत्तीस जणी इथेच आहोत. सकाळची आरती झाली की कोणी बोलत नाही. मी जिन्यात बसून हे लिहिते आहे. हे पत्र आधी दिपमाला मॅडम वाचणार. मॅडम, तुम्ही वाचालच. वाचून काय करायचं ते करा, पण मी आता खोडणार नाही.

चिठ्ठी माझी होती.

२ ऑगस्टला दुपारी मी बहुपदींची सूत्रं बोटाएवढ्या कागदावर लिहून घेतली. मला अकराव्यावरून पाचव्या नंबरावर यायचं होतं. आबा, तुम्ही येणार, आपण गणपतीला घरी जाणार, एवढंच डोळ्यांपुढे होतं. पेपरात मी चिठ्ठी एकदाच उघडली. दोन मार्कांचं उदाहरण होतं. तेवढ्यात सर मागून आले. मी चिठ्ठी ओढणीखाली घेतली आणि ती सटकली. माझ्या आणि पुनमच्या बाकामधल्या फरशीवर पडली.

सरांनी उचलली. म्हणाले, "ही कोणाची?"

 ते आम्हा दोघींपाशी उभे राहिले. "दोघींपैकी एकीची आहे. खरं सांगेल तिला पाच गुण. नाहीतर दोघींना लाल."

मला ज्योत्स्नाचे वडील फाटकाशी दिसले. त्या जागी तुम्ही दिसलात, आबा. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुनमची, सर."

मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर परतही घेतलं नाही. पुनमने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं अक्षर ओळखू येतं. सरांनी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "मनी नही, सर." "मग कोणाची?" तर ती गप्प. सर म्हणाले, कॉपी ती कॉपी आणि वर खोटंही. तेव्हाही मी गप्प बसले. आणि पाच गुण मिळून मी पाचवी आले. ते गुण नसते तर मी नववी होते.

झेंड्यासमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला ना, तेव्हा मला पुनमचा रिकामा पलंग दिसत होता. 

आता तुम्ही मला काय शिक्षा द्याल ती द्या. पण पुनमच्या शाळेचं काय करू ते सांगा. ती शिष्यवृत्तीवर होती. आता तिला परत शाळेत पाठवायला तिच्या घरचं कोणी तयार होणार नाही.

नूतन


धुळे
१४ सप्टेंबर

मा. लीलाधरभाऊंना (चि. नूतनचे वडील),
स. न. वि. वि.

मी दिपमाला, वसतिगृहाची रेक्टर. सोबत नूतनचं पत्र आहे. ते माझ्याकडे चार दिवस होतं, याबद्दल आधी क्षमा मागते.

मी ते मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, पत्र पाठवू नका, विषय मिटला आहे. प्रमाणपत्र दिलं, बॅनर लागला, संस्थेच्या वार्षिक अंकात फोटो गेला. आता मुलगीच खोटी निघाली असं बाहेर कळलं तर हिरव्या-लाल कार्डांची सगळी योजनाच खोटी ठरेल. मुलीला समज द्या, महिन्याभरात विसरेल, असं ते म्हणाले.

मी रोज या मुलींची पत्रं वाचते. जूनपासून त्यांच्या पत्रांत "बठ्ठं बरं शे" फार वाढलं आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुनमची गादी बांधताना मी दारात उभी होते आणि तिच्या वडिलांना साधं "बसा" म्हणाले नाही.

हे पत्र शाळेच्या टपालात न टाकता मी स्वतः पोस्टात जाऊन टाकते आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मात्र नूतन उघडपणे बोलली तर तिला इथे ठेवणार नाहीत, एवढं निश्चित. उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा, मी न उघडता तिच्या हातात देईन.

आपली,
दिपमाला


निंभोरखेडे
२२ सप्टेंबर

चि. नूतन,

दिपमालाबाईंनी पत्र दिलं असेल तर ते तुझ्याआधी कोणी वाचलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुझा बाप कसा आहे ते तुला कळेल. मी ते कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. दोन दिवस तुझ्या आईला म्हणालो, पत्र आलंच नाही. मनात म्हणत होतो, सर मिटलं म्हणतात तर मिटलं. आपल्या पोरीचं नाव कशाला घालवायचं? तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने जेवताना विचारलं, "ती चिठ्ठी नूतनची होती ना?" मी वर पाहिलं. ती म्हणाली, "मग तुम्ही तिच्याहून वेगळं काय करू राहिले?" मी हात धुतला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री अशा गाड्या बदलत दुपारी मालनखेड्याला पोचलो. वनाभाऊंचं घर गावाच्या टोकाला आहे. ते ओट्यावर कुदळीला दांडा बसवत होते. पुनमची आई मंजुळाबाई पाणी घेऊन आली. "बसा भाऊ, पानी ल्या," म्हणाली. मी पेला घेतला नाही. म्हटलं, आधी ऐका, मग द्यावंसं वाटलं तर द्या. आणि सांगितलं. चिठ्ठी माझ्या मुलीची होती. तिने तुमच्या मुलीवर ढकलली. मी तिला बक्षिसाचं आमिष दाखवलं होतं आणि धाकही घातला होता.

मंजुळाबाईने पेला माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. वनाभाऊ बराच वेळ दांड्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कागदवर मनी सही शे, भाऊ. मनी पोर चोर शे म्हनीसन." म्हणजे, माझी पोर चोर आहे या कागदावर माझीच सही आहे.

त्यांना तो कागद वाचून दाखवलाच नव्हता. सही करा, नाहीतर दाखल्यावर शेरा मारू, एवढं सांगितलं होतं. मी म्हटलं, सही मीही केली आहे, तीही न वाचता. मला तर वाचता येतं.

पुनम मिरची तोडायला गेली होती. ती आली. हात लाल झालेले, डोळ्याला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरलेले. मी सगळं परत सांगितलं. ती म्हणाली, "तिनी सांगं का तुम्हले?"

म्हटलं, हो, पत्रात लिहून कळवलं.

"पत्रमां," ती म्हणाली. "मन्हं नाव तं बठ्ठास्ना म्होरे लिधं व्हतं." म्हणजे माझं नाव तर सगळ्यांसमोर घेतलं होतं.



नूतन, शनिवारी २८ तारखेला प्रार्थनेच्या वेळी मी शाळेत येतो. तिथे बोलायचं की नाही ते तू ठरव. बोललीस तर मी तुला काही देणार नाही. न बोललीस तर काही काढून घेणार नाही. दोन्ही वेळा घरी घेऊन जायला तयार आहे. मला हे फार उशिरा सुचलं.

पेल्यातलं पाणी मी निघताना प्यालो. वनाभाऊ म्हणाले, "पी ल्या. लांब जानं शे तुम्हले."

आबा


निंभोरखेडे
६ ऑक्टोबर

पुनमला,

मी नूतन. पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे फेकलं नसशील तर पुढे वाच.

२८ तारखेला प्रार्थना झाल्यावर मी रांगेतून पुढे गेले. आबा मैदानाच्या कडेला फाटकापाशी उभे होते. त्यांना आत घेतलं नव्हतं. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तीन ऑगस्टच्या पेपरातली चिठ्ठी..." तेवढ्यात योगेंद्र सरांनी माइक बंद केला. म्हणाले, "तो विषय मिटला आहे. जागेवर जा." माझे पाय वळलेसुद्धा. खरं सांगते, मी जागेवर जाणार होते.

मागून ज्योत्स्ना ओरडली, "ऐकू आलं नाही!"

सगळ्या मुली वळल्या. ती लाल कार्डाच्या रांगेत होती. परत ओरडली, "मागे ऐकू आलं नाही, नूतन!"

मग मी माइक सोडून पायरीवर चढले आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात सांगितलं. चिठ्ठी माझी होती, पुनमची नव्हती. पुनमला माहीत होतं तरी तिने माझं नाव घेतलं नाही. मी तिचं घेतलं आणि त्याचे पाच गुण मिळवले. माझा आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.

ऑफिसात सर आबांना म्हणाले, "तुमच्या मुलीने संस्थेची बदनामी केली. दाखला घेऊन जा." आबा म्हणाले, "दाखला द्या. आणि वनाभाऊंनी सही केलेला कागदही द्या." सर म्हणाले, तो फाइलीतला कागद आहे, देता येत नाही. दिपमाला मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी कपाट उघडलं, फाइल काढली, कागद काढून आबांच्या हातात दिला. म्हणाल्या, "शिस्तीची फाइल माझ्या ताब्यात असते, सर. उद्यापासून दुसऱ्या कोणाला द्या." 

तो कागद या पाकिटात आहे. तुझ्या वडिलांच्या हातात दे. ते फाडतील, जाळतील, ठेवतील, त्यांचं ते बघतील.

मी आता आमच्या गावच्या शाळेत जाते. इथे मला पहिल्या दिवशी मुलींनी विचारलं, मधेच का आलीस? मी खरं सांगितलं. दोघी जणी तेव्हापासून माझ्याशेजारी बसत नाहीत.

मला माफ कर असं लिहिणार होते. चार कागद फाडले. ते मागणं म्हणजे परत तुझ्याकडूनच काहीतरी घेणं झालं. म्हणून मागत नाही. तू शाळेत जातेस का, एवढंच कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

नूतन


मालनखेडे, ता. साक्री
२० ऑक्टोबर

नूतन,

पत्र पोचलं. कागदही पोचला. बापूंनी तो माझ्याकडून वाचून घेतला, सगळा, खालच्या तारखेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "ती पोरनी बठ्ठास्ना म्होरे सांगं का?" मी म्हटलं, हो. त्यांनी परत विचारलं, मी परत हो म्हटलं. मग ते टोपी घालून पारावर गेले. ऑगस्टपासून ते पारावर बसत नव्हते. लोक विचारतील म्हणून.

दिपमाला मॅडम मागच्या रविवारी आल्या होत्या. त्यांनी ती नोकरी सोडली. आमच्या घरापासून साडेतीन किलोमीटरवर जी माध्यमिक शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापकांना त्या स्वतः भेटल्या. सोमवारपासून मी जाते. आई म्हणत होती, आता सहा महिने राहिले, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षीचं मला माहीत होतं. नाशिककडचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. बापूंनी परवा त्यांना निरोप पाठवला, पोर शाळेत जाते.

या शाळेत कार्डं नाहीत. पंखेही नाहीत. गणिताचे सर चुकलं की फळ्यापाशी बोलावतात आणि कुठे चुकलं ते विचारतात. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी फळ्यापासून लांबच उभी राहिले. सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि वाट पाहिली. माझं उत्तर चुकलंच होतं. मग दोघांनी मिळून सोडवलं.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. त्या दिवशी मी तुझं नाव का घेतलं नाही? मला वाटलं, तू संध्याकाळपर्यंत सांगशील. जेवणाच्या घंटेपर्यंत मी वाट पाहिली. तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तू मला आमटी वाढलीस. तेव्हा मला कळलं की तू सांगणार नाहीस. चिठ्ठीचा मला एवढा राग नाही. त्या आमटीचा आहे.

तुला मी माफ केलेलं नाही. करेन असंही लिहीत नाही. वर्गात शेजारची मुलगी खाली वाकली तरी मी आधी फरशीवर काही पडलं आहे का ते बघते. ते कधी जाईल ते मला माहीत नाही.

पण बापू म्हणतात, इतक्या लांबून तो माणूस आला आणि आपण त्याला नुसतं पाणी दिलं, तेही जमिनीवर ठेवून. दिवाळीत त्यांना जेवायला बोलाव. म्हणून लिहिते. पाडव्याला या, तू, आबा आणि आई. साक्रीहून दुपारी बारा वाजता आमच्या गावाला गाडी असते.

मी तुझ्याशी बोलेन की नाही, ते आज सांगता येत नाही. पण ये.

पुनम